आहारनियंत्रण आणि पौगंडावस्थेतील धूम्रपानाचा आरंभ

पौगंडावस्थेतील मुले सिगारेटकडे कशी वळतात, या प्रश्नाची ठराविक उत्तरे सर्वांच्या परिचयाची आहेत. धूम्रपान करणारे सवंगडी, घरातील वडीलधाऱ्यांचे उदाहरण, मोठे दिसण्याची हौस, जाहिरातींचा मोह आणि हाती खेळणारा पैसा ही ती उत्तरे होत. यांपैकी एकही खोटे नाही. तथापि या साऱ्यांच्या मुळाशी बहुधा एक गृहीत दडलेले असते. ते असे की, सिगारेट ओढू लागणारे मूल म्हणजे ज्याला धरबंध उरलेला नाही असे मूल. गेल्या तीन दशकांत, प्रामुख्याने अमेरिकेत व कॅनडात, झालेल्या संशोधनाने या गृहीताला एक महत्त्वाचा अपवाद दाखवून दिला आहे. वजन कमी करण्यासाठी स्वतःला कडक शिस्त लावणारी, ताटातला घास मोजून खाणारी मुलगी ही धूम्रपानाच्या बाबतीत इतरांहून सुरक्षित नसते. तिला सवय लागण्याचा संभव उलट अधिक असतो. हा संबंध कितपत विश्वसनीय आहे आणि तो कशामुळे घडत असावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम 'आहारनियंत्रण' या शब्दाची मर्यादा आखून घेणे आवश्यक आहे. वैद्याने एखाद्या रोगावर सांगितलेले पथ्य येथे अभिप्रेत नाही. धार्मिक उपवासही अभिप्रेत नाही. एकादशीचा उपवास तिथीने सुरू होतो व पारण्याने संपतो. देहाचा आकार बदलणे हा त्याचा हेतू नसतो आणि आदल्या दिवशी किती खाल्ले याचे प्रायश्चित्त म्हणून तो केला जात नाही. (संकष्टीचे निमित्त साधून वजनाचा हिशेब जुळविणारी मंडळी अलीकडे आढळतात, पण तो उपवासाचा पालट झाला.) ज्या वर्तनाविषयी संशोधन झाले आहे ते म्हणजे वजन घटविण्याच्या हेतूने, स्वतःच्या मनाने व पुष्कळदा घरच्यांच्या नकळत, अन्न तोडणे. याला पारणे नसते. मनातला आकडा काट्यावर दिसेपर्यंत ते चालू राहते, आणि तो दिसला की पुष्कळदा मनातला आकडा आणखी खाली सरकतो.

या विषयातील पहिली भक्कम पाहणी मिनेसोटा विद्यापीठातील सिमोन फ्रेंच, चेरिल पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. सातवी ते दहावी या इयत्तांतील १७०५ विद्यार्थ्यांना त्यांनी धूम्रपान, वजनाची चिंता व आहार यांविषयी प्रश्न विचारले आणि एक वर्षानंतर त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारले. या पद्धतीचे महत्त्व विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावयास हवे. एकाच दिवशी एकच प्रश्नावली भरून घेतली तर आहार तोडणाऱ्या मुली सिगारेट अधिक ओढतात एवढेच कळते; सिगारेट ओढणाऱ्या मुलीच पुढे वजनाची काळजी करू लागल्या असतील, ही शक्यता तशीच उभी राहते. पहिल्या फेरीत धूम्रपान न करणाऱ्यांनाच पुढे पाहत गेल्यास निदान कालक्रम तरी निश्चित होतो. फ्रेंच यांच्या पाहणीत ज्या मुली पहिल्या वर्षी वजन कमी करण्याच्या प्रयत्नात होत्या, ज्यांच्यात खाण्याच्या विकृतीची काही लक्षणे होती, किंवा ज्यांच्या मनात वजनाचा विचार सतत घोळत असे, त्यांच्यात पुढील वर्षभरात धूम्रपानाचा आरंभ होण्याचा संभव इतर मुलींच्या सुमारे दुप्पट आढळला. मुलांच्या बाबतीत असा संबंध मिळाला नाही.

२००१ मध्ये हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्यशाळेतील ब्रिन ऑस्टिन व स्टीव्हन गॉर्टमेकर यांनी याहून धाकट्या, माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरील मुलामुलींचा दोन वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या निष्कर्षाचे वैशिष्ट्य असे की, संबंध चढत्या पायऱ्यांनी दिसून आला. आहार मुळीच न तोडणाऱ्या मुलींच्या तुलनेत, आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा तसे करणाऱ्या मुलींचे गुणोत्तर सुमारे दुप्पट, तर त्याहून वारंवार करणाऱ्या मुलींचे सुमारे चौपट भरले. मात्रा वाढली की परिणाम वाढावा, ही अपेक्षा कार्यकारणाचा संशय घेणाऱ्या प्रत्येक संशोधकाची असते. ती येथे पुरी झाली.

येथे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. 'दुप्पट' व 'चौपट' हे शब्द मुलींच्या शेकडेवारीला उद्देशून नसून ऑड्सना, म्हणजे सवय लागलेल्या व न लागलेल्या मुलींच्या परस्पर प्रमाणाला, उद्देशून आहेत. केवळ कल्पना यावी म्हणून असे धरावे की, आहार न तोडणाऱ्या १०० मुलींपैकी १० मुली धूम्रपानास आरंभ करतात. हे प्रमाण १० ला ९० झाले. ते दुप्पट केले तर २० ला ९०, म्हणजे शेकडा सुमारे १८ मुली. चौपट केले तर ४० ला ९०, म्हणजे शेकडा सुमारे ३१ मुली. वर्तमानपत्री मथळ्यांतून 'चौपट मुली' असे जे छापले जाते ते या हिशेबात बसत नाही. शिवाय चौपटीच्या आकड्याभोवतीच्या विश्वास-मर्यादा बऱ्याच रुंद आहेत. तो आकडा काटेकोर न मानता दिशादर्शक मानणे योग्य. एवढी वजावट करूनही जे उरते ते उपेक्षणीय नाही.

पुढील काळात हा निष्कर्ष वेगवेगळ्या मार्गांनी तपासला गेला. २००४ मध्ये कॉली, मार्कोविट्झ व टॉरस या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे दाखविले की, स्वतःला स्थूल समजणाऱ्या किंवा वजन कमी करू पाहणाऱ्या मुलींत धूम्रपानाचा आरंभ अधिक होतो. मुलांवर त्याचा परिणाम नाही, त्यांच्यावर मात्र सिगारेटच्या किंमतीचा परिणाम होतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात शेकड्याच्या निम्म्याहून अधिक शोधनिबंध एकत्र वाचून असा निर्वाह करण्यात आला की, प्रत्यक्ष वजन व धूम्रपान यांच्या संबंधाविषयीचे पुरावे परस्परविसंगत आहेत, परंतु आहारनियंत्रण व धूम्रपान यांचा संबंध, विशेषतः मुलींत, बऱ्याच सातत्याने आढळतो. हा भेद महत्त्वाचा आहे. मुलगी किती जड आहे याहून ती स्वतःच्या जडपणाविषयी काय करीत आहे, हे अधिक बोलके ठरते. २०१८ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑन्टेरिओ प्रांतातील ३३०० हून अधिक शाळकरी मुलींचा तीन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. आहार तोडणाऱ्या मुलींत पुढे धूम्रपान व न्याहारी टाळणे या दोन्ही गोष्टी एकत्र आढळण्याचा संभव १.६ पट, आणि धूम्रपान व एका बैठकीतील अतिमद्यपान एकत्र आढळण्याचा संभव १.५ पट होता.

संबंध आहे, हे इतके झाल्यावर मान्य करावयास हरकत नाही. तो कशामुळे, याची तीन स्पष्टीकरणे पुढे येतात, आणि त्यांची छाननी करणे हाच या विषयाचा खरा गाभा आहे.

पहिले स्पष्टीकरण समजुतीचे. सिगारेटने मनुष्य सडपातळ राहतो असे मुलीने ऐकलेले असते, म्हणून ती सिगारेट उचलते. ही समजूत आपोआप उगवलेली नाही. ती पेरली गेली, आणि तिच्या पेरणीची साले उपलब्ध आहेत. १९२८ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने, जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांच्या अध्यक्षतेच्या काळात, 'लकी स्ट्राइक' सिगारेटची अशी जाहिरात सुरू केली की, गोड पदार्थाकडे जाणारा हात मागे घेऊन त्याऐवजी सिगारेट घ्यावी. मिठाईचे व्यापारी यावर चवताळून उठले, आणि अखेर तेथील व्यापार आयोगाला सडपातळपणाच्या दाव्यांना आवर घालावा लागला. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुण स्त्रियांनी सिगारेट पेटवून जो देखावा केला, त्यामागे एडवर्ड बर्नेझ या प्रसिद्धितज्ज्ञाची योजना होती. १९६८ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने खास स्त्रियांसाठी 'व्हर्जिनिया स्लिम्स' बाजारात आणली. तिच्या नावातच बारीकपणा होता. जॉन पिअर्स व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १९४४ ते १९८८ या काळातील आरंभाचे वय तपासले, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलींत धूम्रपानाचा आरंभ १९६७ च्या सुमारास एकाएकी वाढू लागून १९७३ च्या आसपास शिखरास पोहोचल्याचे दिसले. मुलांत अशी उसळी नव्हती. पुढे महाविद्यालयात न गेलेल्या मुलींत ती विशेष मोठी होती. धूम्रपानाने कर्करोग होतो हे सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल १९६४ च्या जानेवारीत निघालेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे फुप्फुसांविषयीचे ज्ञान या मुलींना थोपवू शकले नाही असेच म्हणावे लागते.

परंतु समजुतीचे स्पष्टीकरण एकटे पुरेसे नाही. समजूत तर आहार तोडणाऱ्या व न तोडणाऱ्या अशा दोन्ही मुलींच्या कानांवर पडलेली असते. आहार तोडणाऱ्या मुलीच्या शरीरात त्या वेळी आणखी काही घडत असते, आणि त्याचे नाव भूक. याच ठिकाणी दुसऱ्या स्पष्टीकरणाचा आरंभ होतो.

निकोटिन भूक दाबते, ही केवळ लोकसमजूत नव्हे. येल विद्यापीठातील मारिना पिचोट्टो यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात तृप्तीची सूचना देणाऱ्या ज्या मज्जापेशी आहेत, त्यांना निकोटिन एका विशिष्ट ग्राहीमार्फत उत्तेजित करते. म्हणजे पोट रिकामे असताही पोट भरल्याची सूचना जाते. त्यापूर्वी, १९८६ मध्ये, स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी धूम्रपानी व्यक्तींना बंद कक्षात ठेवून मोजले, तेव्हा दिवसाला २४ सिगारेटी ओढल्याने शरीराचा ऊर्जाव्यय सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. तेव्हा भुकेल्या मुलीला पहिल्याच काही सिगारेटींतून जो अनुभव येतो तो भ्रम नसतो. तिची भूक खरोखर थोडी मरते, आणि हीच गोष्ट घातक ठरते.

याहूनही अधिक विचारप्रवर्तक पुरावा असा आहे की, जिथे सडपातळ होण्याची मुळीच इच्छा नाही तेथेही उपासमार मनुष्याला तंबाखूकडे नेते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अँसेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात अर्धउपासमारीचा सुप्रसिद्ध प्रयोग केला. सदसद्विवेकाच्या कारणावरून शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १५७० कॅलरींचे अन्न देण्यात आले आणि त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला या प्रयोगाचा वृत्तान्त आज मुख्यतः उपासमारीच्या मानसिक परिणामांसाठी वाचला जातो. अन्नाविषयीचा ध्यास, चिडचिड, खिन्नता, एकलकोंडेपणा हे सारे त्यात नोंदले आहे. त्याच नोंदींत कॉफी, चहा व च्युइंगगम यांचा वापर वाढत गेल्याचे, धूम्रपान वाढल्याचे, आणि पूर्वी न ओढणारे काहीजण सिगारेट ओढू लागल्याचेही नमूद आहे. हे तरुण आरशापुढे उभे राहून कंबर मोजणारे नव्हते. त्यांना बारीक व्हावयाचे नव्हते. त्यांना फक्त भूक सहन करावयाची होती.

प्रयोगशाळेतील प्राण्यांवरही हेच दिसते. मॅरिलिन कॅरॉल व रिचर्ड माइश यांनी, योगायोगाने त्याच मिनेसोटा विद्यापीठात, १९७९ मध्ये दाखविले की, अन्न कमी केलेले उंदीर तोंडाने व शिरेवाटे मिळणारी मादक द्रव्ये अधिक प्रमाणात घेऊ लागतात. अन्न पूर्ववत दिले की सेवन उतरते. उंदराला जाहिरात वाचता येत नाही आणि त्याला रूपाची चिंता नसते. अन्नाचा तुटवडा मेंदूतील पारितोषिकाच्या यंत्रणेला अधिक हळवे करतो, असा याचा अर्थ लावला जातो. वजनाच्या चिंतेपेक्षा आहार तोडण्याची वारंवारता, म्हणजे प्रत्यक्ष भुकेचे दिवस, हे ऑस्टिन व गॉर्टमेकर यांच्या पाहणीत पायरीपायरीने का उमटावे, याचा उलगडा या स्पष्टीकरणाने जितका होतो तितका पहिल्याने होत नाही.

तिसरे स्पष्टीकरण संशयवाद्यांचे आहे व ते दुर्लक्षिता येणार नाही. आहार तोडणे व सिगारेट ओढणे ही दोन्ही एकाच मुळाची फळे असू शकतील. खिन्न, स्वतःवर नाखूष, वयात लवकर आलेली मुलगी दोन्ही गोष्टी करील. एरिक स्टाइस व हेदर शॉ यांच्या २००३ मधील पाहणीत शरीराविषयीची अतृप्ती, खाण्याची विकृती व खिन्न मनःस्थिती या तिन्ही गोष्टी पुढील धूम्रपानाच्या सूचक ठरल्या होत्या. कॅनडातील पाहणीत मद्यपानही सोबतीला आले, हेही याच दिशेला बोट दाखविते. संख्याशास्त्रीय समायोजनाने हा आक्षेप सौम्य होतो, निरस्त होत नाही. कारण जे मोजले नाही त्याचे समायोजन करता येत नाही. मुलांच्या बाबतीत संबंध का मिळत नाही, याचे उत्तरही भुकेच्या स्पष्टीकरणापाशी पुरते नाही. आहार सातत्याने तोडणारी मुले मुळात थोडी, आणि वाढत्या वयात मुलांना बहुधा बारीक होण्यापेक्षा भरदार होण्याची ओढ असते, एवढे म्हणता येते. एकंदरीत पाहता, खिन्नता मुलीला दोन्ही वाटांच्या तोंडाशी आणते, समजूत तिला सिगारेट दाखविते आणि भूक ती हातात टिकवून ठेवते, असे तिन्ही स्पष्टीकरणांचे परस्परपूरक नाते मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या सौद्यात मुलीला हवे ते मिळते काय? सर्जन जनरलच्या २०१२ च्या अहवालाचा निर्वाळा असा की, तरुणांच्या समजुतीच्या उलट, त्यांच्या धूम्रपानाने वजनात लक्षणीय घट होत नाही. फिनलंडमधील जुळ्या भावंडांच्या दीर्घ पाहणीत तर, पौगंडावस्थेत दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांचा कमरेचा घेर तारुण्यात इतरांहून अधिक भरला, आणि स्त्रियांत स्थूलतेचा संभवही वाढलेला आढळला. ती पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. वजन घटले नाही तरी सवय मात्र राहते, आणि सोडू गेल्यास पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते. ज्या भीतीपोटी सिगारेट हाती घेतली तीच भीती ती सोडू देत नाही. मध्यमवयात स्त्रिया धूम्रपान सोडताना जी अडचण सांगतात, तिचे बीज पुष्कळदा चौदाव्या-पंधराव्या वर्षी पडलेले असते.

हा सारा पुरावा बहुतांशी उत्तर अमेरिकेतील आहे, आणि तेथेही तो सर्व समाजांना सारखा लागू पडत नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत वजनासाठी सिगारेट ओढत असल्याचे गोऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी सांगितले. कृष्णवर्णीय मुलींत हे कारण जवळजवळ नव्हतेच. भारतात तर तंबाखूचे चित्रच निराळे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे प्रौढ स्त्रियांत धूम्रपानाचे प्रमाण २ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे १२.८ टक्के होते. मुंबईत १९९० च्या दशकात सुमारे एक लाख प्रौढांची जी पाहणी झाली, तीत तंबाखूचे सेवन व शरीराची कृशता यांची सांगड आढळली. परंतु मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखूची चिमूट दाढेत धरणाऱ्या कष्टकरी स्त्रीची कृशता हे तिचे ध्येय नसून तिची परिस्थिती असते. 'तंबाखूने भूक मरते' हे वाक्य महाराष्ट्रात कामाच्या फडावर, वजनाचा काटा घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीपासून, बोलले जात आले आहे. तेथील भूक लादलेली आणि ओन्टेरिओतील शाळकरी मुलीची स्वतः ओढवून घेतलेली, हा भेद मोठा आहे. तरीही दोघींच्या हाती शेवटी एकच द्रव्य यावे, हे दुसऱ्या स्पष्टीकरणाला पुष्टी देणारेच आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने याचे दोन परिणाम निघतात. शाळेतील तंबाखूविरोधी पाठ व स्थूलताविरोधी पाठ हे आज स्वतंत्रपणे दिले जातात. दुसऱ्या पाठात वर्गापुढे वजन करणे, जाड मुलींची नावे घेणे, खाण्याची लाज वाटावयास लावणे असे प्रकार झाले, तर पहिल्या पाठाने जे राखले ते दुसऱ्याने घालविले असे होणे शक्य आहे. जाहिरातींच्या बाबतीत भारतात २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींना बंदी केली. पण सडपातळपणाच्या जाहिराती त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि वर पाहिल्याप्रमाणे १९२८ पासून तंबाखूच्या विक्रीचा तोच एक मोठा दुवा होता.

२०१९ च्या राष्ट्रीय युवक पाहणीनुसार भारतातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांत ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत होते. एखाद्या मराठी शहरात या प्रश्नाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने परदेशी प्रश्नावलीचे नुसते भाषांतर करून भागणार नाही. 'गेल्या महिन्यात तू जेवण सोडलेस काय' या प्रश्नाला होकार देणाऱ्या तीन मुलींपैकी एकीने वजनासाठी, दुसरीने व्रतासाठी व तिसरीने घरात पुरेसे नव्हते म्हणून ते सोडलेले असेल. हे तीन होकार वेगवेगळे नोंदवावयास हवेत. तंबाखूच्या रकान्यातही सिगारेट, विडी, मिश्री व गुटखा यांना स्वतंत्र जागा हवी, कारण मिश्रीला तंबाखू न मानता दंतमंजन मानणारी घरे थोडी नाहीत. आणि उत्तरे एकदा घेऊन थांबता येणार नाही; वर्षभराने त्याच मुलींना पुन्हा विचारावे लागेल, आणि त्यासाठी दहावीनंतर शाळा बदलणाऱ्या मुलींचा माग राखण्याची तजवीज पहिल्याच दिवशी करून ठेवावी लागेल.